९ सप्टेंबरचे हुतात्मे आणि आपण कामगार

(बंगळूर येथे ९ सप्टेंबर रोजी मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



सभेची नोटीस बोर्डावर लागली तेव्हा बऱ्याच जणांनी विचारले की ९ सप्टेंबरला असे काय आहे? ना १५ ऑगस्ट, ना १ मे. प्रश्न बरोबर आहे. सरकारी यादीत या तारखेची ठरलेली सुट्टी नाही आणि शाळेच्या पुस्तकातही ती क्वचितच सापडते. पण ज्यांच्या अंगावर रेल्वेचा नाहीतर टपालाचा गणवेश आहे, त्यांनी ही तारीख विसरता कामा नये असे माझे मत आहे. ते का, हे आज सांगायचे आहे.

युद्धाचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे सेनापती येतात, तह येतात, सह्या येतात. ते खोटे नाही. पण दारूगोळा आघाडीवर जातो तो रुळावरून, जवानाची खुशाली घरी येते ती टपालाने, आणि गोळी लागते ती पुष्कळदा ज्याच्या हाती बंदूक नाही अशा माणसाला. ९ सप्टेंबर या एकाच तारखेला वेगवेगळ्या वर्षी काय घडले हे ओळीने पाहिले, की ही गोष्ट स्वच्छ दिसते.

पहिले वर्ष १९४२, गाव नंदुरबार. तेव्हा ते पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९८ साली. ताप्ती व्हॅली लाइनीवर काम केलेले साथी येथे असतील, त्यांना सुरत-जळगाव मार्गावरचे हे स्टेशन ठाऊक आहे. जगात दुसरे महायुद्ध चालू होते. आपल्याला न विचारता हिंदुस्थानला त्यात ओढले होते. ९ ऑगस्टला मुंबईत महात्मा गांधी आणि इतर पुढाऱ्यांना अटक झाली आणि 'छोडो भारत'चा वणवा पेटला. त्याला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी नंदुरबारला शाळकरी मुलांची मिरवणूक निघाली. पुढे होता शिरीषकुमार मेहता. त्याचा जन्म डिसेंबर १९२६ चा, म्हणजे वयाची सोळा वर्षेही पुरी नव्हती. हातात तिरंगा होता. पोलिसांची बंदूक मुलींच्या दिशेने वळली तेव्हा तो पुढे झाला, असे नंदुरबारचे लोक आजही सांगतात. गोळीबार झाला. शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा अशी पाच मुले गेली. घरात कोणी गुजराती बोलणारा, कोणी मराठी बोलणारा. गोळीने भाषा विचारली नाही.

साथींनो, बेचाळीसच्या चळवळीची एक बाजू आपल्या खात्यांशी थेट निगडित आहे. सरकारी आकडेवारीप्रमाणे त्या आंदोलनात ३३२ रेल्वे स्टेशने आणि ९४५ टपाल कचेऱ्यांची मोडतोड किंवा जाळपोळ झाली. लोकांचा राग स्टेशनमास्तरवर किंवा पोस्टमनवर नव्हता. रुळावरून पलटणी येत होत्या आणि तारेवरून अटकेचे हुकूम येत होते, म्हणून रूळ उखडले आणि तारा तोडल्या. पण ते रूळ पुन्हा बसवायला कोण गेले? गँगमनच गेले. तारा कोणी जोडल्या? तार खात्याच्या माणसांनीच. मन चळवळीत आणि पोट नोकरीत, अशी त्यांची अवस्था झाली असणार. आपण सरकारी नोकर म्हणजे सरकारच्या मालकीचे आहोत का, हा प्रश्न तेव्हा आपल्या आधीच्या पिढीपुढे उभा राहिला. तो अजून मिटलेला नाही.

त्याच दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर १९४२ लाच, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक घटना घडली. नोबुओ फुजिता नावाच्या जपानी वैमानिकाने पाणबुडीवरून छोटे विमान उडवून अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील जंगलावर आग लावणारे बॉम्ब टाकले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर शत्रूच्या विमानाने बॉम्ब टाकण्याची ती पहिलीच वेळ. जंगल ओले होते, वनखात्याच्या टेहळणीवरच्या माणसांनी आग विझवली आणि कोणी मेले नाही. पुढे १९६२ साली जवळच्या ब्रूकिंग्ज गावाने त्याच फुजिताला पाहुणा म्हणून बोलावले आणि त्याने आपल्या घराण्याची तलवार गावाला भेट दिली. आता दोन्ही घटना शेजारी ठेवून बघा. उघड शत्रूच्या बॉम्बने त्या दिवशी एकाचाही जीव घेतला नाही. स्वतःला आपले मायबाप म्हणवणाऱ्या सरकारच्या गोळीने पाच पोरे मारली. आणि गोळी झाडणाराही पगारी शिपाईच होता, तुमच्या-माझ्यासारखा.

पुढच्या वर्षी, ९ सप्टेंबर १९४३ ला, दोस्त फौजा इटलीत सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरल्या. त्या इटलीच्या मोहिमेत नंतर भारतीय डिव्हिजन लढल्या आणि मराठा पलटणीचे पुष्कळ जवान तिकडेच राहिले. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईतील पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. टपालातील साथींनी एवढेच ध्यानात घ्यावे की अशा जवानांची पत्रे आणि मृत्यूच्या तारा कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर पायी नेल्या त्या आपल्याच माणसांनी. आजही लष्करी टपाल सेवेत टपाल खात्याचे लोक डेप्युटेशनवर जातात, नागपूरजवळ कामठीला त्यांचे केंद्र आहे. '५६ ए.पी.ओ.' एवढ्या पत्त्यावर पत्र सियाचेनपर्यंत पोहोचते, ते आपोआप पोहोचत नाही.

आता १९४५. त्या वर्षी ९ सप्टेंबरला, म्हणजे नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी सकाळी नऊ वाजता, चीनमधील जपानी सैन्याने नानजिंग येथे शरणागतीवर सही केली. पुस्तकात ती सही आहे. त्याच दिवशी भारतीय लष्कराच्या तुकड्या मलायात मोरिबच्या किनाऱ्यावर उतरल्या. जपान आधीच शरण आला होता, त्यामुळे लढाई झाली नाही. गाड्या मात्र चिखलात रुतल्या.

त्या मलायाच्या रबरमळ्यांत आपल्या या दक्षिण भागातून गेलेले तमिळ मजूर होते. जपान्यांनी त्यातल्या हजारोंना रेल्वे बांधायला सयाम-ब्रह्मदेशाच्या जंगलात नेले होते. नोकरीचे आमिष दाखवून काहींना, पकडून काहींना. थायलंडमधील बान पोंगपासून ब्रह्मदेशातील थानब्युझायतपर्यंत ४१५ किलोमीटरची ती लाइन ऑक्टोबर १९४३ मध्ये जोडली गेली. डोंगर हातोडा-पहारीने फोडले. पटकी आणि मलेरिया होता, पोटात मूठभर भात. तेथे राबलेल्या युद्धकैद्यांपैकी बारा हजारांवर मेले. आशियाई मजूर किती मेले याचे अंदाज नव्वद हजारांच्या घरात जातात.

येथे 'अंदाज' हा शब्द मी मुद्दाम वापरला. युद्धकैदी सैनिक होते, त्यांची नोंद होती. थायलंडमध्ये कांचनाबुरीच्या दफनभूमीत सुमारे सात हजार कबरी आहेत आणि बहुतेकांवर नाव आहे. असेच असावे. पण मजुरांची यादीच नव्हती. कोण आला, कोण गेला, कुठे पुरला, काही नाही. मळ्यातली बायको वाट पाहत राहिली. एकाच लाइनीवर, एकाच रोगाने माणसे मेली. कागद होता त्याचे नाव राहिले, कागद नव्हता तो अंदाजात गेला.

आता आपल्या स्वतःच्या घरातली गोष्ट. वर्ष १९६५.

राजस्थानात बाडमेरहून मुनाबावकडे जाणाऱ्या लाइनीवर गडरा रोड नावाचे स्टेशन आहे. फाळणीत गडरा शहर पाकिस्तानात गेले आणि स्टेशन भारतात राहिले, इतकी सीमा जवळ. तेव्हा ही मीटर गेज लाइन होती. सप्टेंबर १९६५ मध्ये युद्धाचा भडका उडाला. त्या वेळी देशाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि रेल्वेमंत्री स. का. पाटील, दोघेही मराठी. ८ सप्टेंबरला आपल्या सैन्याने गडरा शहर घेतले. पुढे गेलेल्या फौजेला दारूगोळा, रसद आणि पाणी पोहोचवायचे कसे? चोहीकडे वाळू. भरवशाचा मार्ग एकच, रेल्वे. हे शत्रूलाही कळत होते. त्याच्या विमानांनी लाइनीवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली.

वाळवंटात गाडीला आडोसा नसतो. इंजिनाचा धूर कोसावरून दिसतो. लाइन तुटली की गँगला जावेच लागते, आणि गँग म्हणजे पहार, पाना, हातोडा आणि खांद्यावर स्लीपर घेतलेली माणसे. वरून विमान आले तर त्यांनी काय करायचे? लाल झेंडी दाखवायची? तरीही ती माणसे गेली. फुटलेले रूळ काढले, नवे बसवले, गाडी पुढे काढली. त्या कामगिरीत १७ रेल्वे कामगारांनी प्राण दिले. ९ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. गडरा रोडला त्यांचे स्मारक आहे. दरवर्षी या दिवशी तेथे शहीद मेळा भरतो आणि रेल्वे कामगार फुले वाहायला जमतात. आज आपण येथे बसलो आहोत आणि तिकडे त्या वाळूत आपलेच भाऊबंद उभे आहेत.

त्या युद्धाशी या बंगळूर शहराचाही संबंध आहे. डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी येथे विमानाचा कारखाना उभा केला, तोच आजचा एच.ए.एल. महायुद्धात तेथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती होई. युद्ध संपल्यावर त्याच कारखान्यात आपल्या रेल्वेचे डबे बांधले गेले. १९६४ मध्ये बी.ई.एम.एल. निघाल्यावर ते काम तिकडे गेले. आणि पासष्टच्या आकाशात लढलेल्या नॅट विमानांची बांधणी येथल्याच कामगारांनी केली होती. म्हणजे विमान बांधणारा कामगार, रूळ जोडणारा कामगार, पत्र पोहोचवणारा कामगार. लढाई यांच्या जोरावर उभी राहते.

मग लढाई संपल्यावर काय होते? मे १९७४ आठवा. वेतन, बोनस आणि कामाचे तास या मागण्यांसाठी देशभरातील रेल्वे कामगार ८ मेपासून वीस दिवस संपावर होते. संपाआधीच, २ मेला, जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली. हजारो कामगारांना पकडले ते कोणत्या कायद्याखाली? 'मिसा'खाली आणि भारत संरक्षण नियमांखाली. शत्रूविरुद्ध म्हणून आणलेले नियम गँगमन आणि फायरमनवर लावले. गाड्या चालवायला प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्या बोलावल्या. गडरा रोडला नऊ वर्षेही झाली नव्हती. युद्धात जो देशाचा कणा, तो पगार मागताच देशद्रोही कसा होतो? हा प्रश्न मी कोणा एका पक्षाला विचारत नाही. सत्तेवर जो बसतो त्या प्रत्येकाला विचारायचा आहे.

शेवटी आजच्याबद्दल. केंद्रीय कर्मचारी युद्धात शत्रूच्या कारवाईत मेला तर ४५ लाख आणि कर्तव्यावर अपघातात मेला तर २५ लाख असे सानुग्रह अनुदान २०१६ च्या आदेशाने ठरले. ते सहज मिळालेले नाही, त्यामागे संघटनांची वर्षानुवर्षांची मागणी आहे. पण आज लाइनीवर आपल्या शेजारी कंत्राटदाराची माणसे काम करतात. खडी तेच भरतात, गाडी त्यांच्याही अंगावर येते. त्यांना हा आदेश लागू नाही. त्यांच्या विधवेला नुकसानभरपाईसाठी कागद घेऊन दारोदार फिरावे लागते, आणि बहुतेक वेळा तो कागदच नसतो. सयामच्या जंगलातल्या मजुराची आणि याची अवस्था किती वेगळी आहे?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक शाखेने एक वही घालावी. आपल्या विभागात कर्तव्यावर मेलेल्या प्रत्येकाचे नाव, गाव, हुद्दा आणि तारीख त्यात लिहावी. कायम, कंत्राटी, ग्रामीण डाकसेवक असा भेद न करता. जुन्या निवृत्त साथींना विचारून मागची नावेही उतरवावीत, कारण ही माणसे गेली की नावे गेली. दुसरी, कंत्राटी मजूर दगावला तर शाखेचा माणूस त्याच दिवशी जागेवर पोहोचला पाहिजे. हजेरीपटाची नक्कल, गेटपास आणि पंचनामा पहिल्या दिवशी हाती आले नाहीत तर नंतर येत नाहीत. तिसरी, दरवर्षी ९ सप्टेंबरला गेट मीटिंग घ्यावी आणि त्या वहीतली नावे मोठ्याने वाचावीत. भाषण नको, हार नको. नावे वाचा, दोन मिनिटे उभे राहा आणि ड्युटीवर जा.

नंदुरबारच्या पाच मुलांची नावे आपल्याला माहीत आहेत, कारण गावाने ती जपली. गडरा रोडचे सतरा जण आठवतात, कारण तेथल्या युनियनने मेळा मोडू दिला नाही. सरकार आठवण ठेवील तेव्हा ठेवील. आपण आपली वही आजपासून सुरू करू. सभा संपल्यावर पहिले पान येथेच लिहायचे आहे, ज्यांच्याकडे नावे असतील त्यांनी थांबावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!