ठरावातले ऐक्य आणि पंक्तीतले ऐक्य
(न्यासाच्या महोत्सवी सभेत सुभानपुरा, बडोदे येथे केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी आपलीच पाठ थोपटून घेण्याची रीत आहे. ती आम्ही आज बाजूस ठेवतो. कारण सर्वसाधारण सभेपुढे एक सूचना आलेली आहे. शाळेची फी, औषधपाणी, अंत्यविधीचा खर्च, हे न्यासाचे साहाय्य यापुढे मंडळीवार वाटून द्यावे, ज्या मंडळीची वर्गणी जास्त तिचा वाटा जास्त, असे काही सभासदांचे म्हणणे आहे.

आपली मराठी ख्रिस्ती घरे येथे आली कोठून? कोणी अहमदनगरहून (आजचे अहिल्यानगर), कोणी कोल्हापूर-मिरजेकडून, कोणी जालन्याहून. नोकरीने आणले, आणि येताना प्रत्येकाने बिऱ्हाडाबरोबर आपापल्या मिशनचे नावही बांधून आणले. नगरास अमेरिकन मराठी मिशन 1831 साली गेले, कोल्हापुरास प्रेसबिटेरियन गेले. ही वाटणी आपल्या पणजोबांनी केलेली नव्हती. कोणत्या गावी कोणता मिशनरी आधी पोचला, एवढ्यावरच बहुधा ती ठरली!

ती पुसण्यास मात्र फार वर्षे लागली. 1924 साली प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या. पुढे दीर्घ वाटाघाटींनंतर 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरास सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. बाप्तिस्मा तान्ह्या मुलास द्यावा, की जाणत्याने विश्वास धरून घ्यावा, हा शेकडो वर्षांचा वाद होता. नागपुरास कोणी कोणास हरविले नाही. दोन्ही रीती चालू ठेवल्या. सर्वांस एका मापाचा अंगरखा शिवला असता, तर तो कोणासच बसला नसता.

परंतु सगळेच त्यात आले असेही नाही. अमेरिकन परंपरेची मेथॉडिस्ट मंडळी, जिची बडोद्यात जुनी वस्ती आहे, ती शेवटच्या घटकेस बाहेर राहिली. आणि आपल्या गुजरातेतच ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेचा तंटा कोर्टकचेरीत गेला, त्यावर 2013 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. एकीकरणाचा ठराव केला म्हणून नोंदलेला न्यास आपोआप विसर्जित होत नाही, कायद्याची रीत पाळावीच लागते, असे न्यायालयाने सांगितले. आम्हां विश्वस्तांस हा निकाल पाठ असावा. मने जुळली तरी कागद जुळवावे लागतात. आणि कागद जुळले म्हणून मने जुळत नाहीत, हेही तितकेच खरे.

मने कशाने जुळतात? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही जागा होती. त्यांची भजने आज कोणत्या एका मंडळीची राहिली आहेत? पेटी सुरू झाली की आपण सगळेच टाळ्या धरतो. तेथे कोणी वर्गणीची पावती विचारीत नाही.

2021 च्या साथीत न्यासाने शवपेट्यांची व्यवस्था केली, तेव्हा कोणाचे पाळक कोण, हे विचारण्यास सवड नव्हती. खांदा द्यायला चार माणसे मिळणे हीच अडचण होती. ज्या घरातून सर्वांत कमी वर्गणी येई, त्या घरातली दोन पोरे रात्रीबेरात्री धावली. त्यांचा वाटा आता कोणत्या हिशेबाने काढायचा?

म्हणून आमचे मत सूचनेच्या विरुद्ध आहे. मात्र सूचना करणाऱ्यांच्या मनात जी शंका आहे, ती आम्ही खोटी म्हणत नाही. पैसा कोठे जातो हे वर्गणीदारास कळले पाहिजे. तेव्हा आमची उपसूचना अशी: साहाय्य गरजेप्रमाणेच राहावे, पण साहाय्य समितीवर प्रत्येक मंडळीचा एकेक सभासद घ्यावा, आणि हिशेब दर तीन महिन्यांनी वाचून दाखवावा. सभेने मान्य केल्यास घटनेतील हा बदल धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत रीतसर दाखल करू. मतपत्रिका चिटणिसांजवळ आहेत.