फूग आणि पूर : जन्माआधी दिसलेल्या एका दुखण्याविषयी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, संतवाङ्मय, शेती, अर्थकारण असे मोठे विषय मांडले जातात. माझा आजचा विषय त्या मानाने फार लहान आहे. इतका लहान की तो मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. आईच्या पोटातील बाळाची किडनी सोनोग्राफीत फुगलेली दिसली तर त्या घराने काय करावे, एवढाच तो विषय. गेली बरीच वर्षे मी या पंचक्रोशीत डॉक्टरकी करतो. या एका प्रश्नाने घाबरलेली माणसे माझ्या दवाखान्यात येतात, आणि त्यांची भीती पुष्कळदा आजाराहून मोठी असते. म्हणून चालकांनी विषय विचारला तेव्हा मी हाच सांगितला.

आपल्या गडमुडशिंगीतल्याच एका घराची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगा गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात कामाला, घरी दोन म्हशी, थोडा ऊस, आणि सुनेला पाचवा महिना. कोल्हापुरात सोनोग्राफी झाली. रिपोर्टात एक ओळ होती : डाव्या मूत्रपिंडात सौम्य हायड्रोनेफ्रोसिस, सहा मिलिमीटर. परतीच्या वाटेवर कोणी मोबाईलवर शोधले, कोणी शेजारच्याला विचारले, आणि गाव येईपर्यंत त्या ओळीचा अर्थ ‘बाळाची किडनी गेली’ असा झाला होता. संध्याकाळी सारे घर माझ्यासमोर बसले. सासूबाई म्हणाल्या, “डाक्टर, गिराणात हिनं विळी धरली हुती. त्यानं झालं का वो?” मुलाने खाली मान घालून विचारले, “हे मूल ठेवायचं का?” आणि जिच्या पोटात ते बाळ होते ती सून एक शब्दही बोलली नाही. पण ‘माझं काय चुकलं?’ हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

या तीन प्रश्नांची उत्तरे देण्यापूर्वी, हे दुखणे आहे तरी काय ते पाहू.

हायड्रोनेफ्रोसिस हा शब्द ग्रीक भाषेतून आला. हायड्रो म्हणजे पाणी, नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड. मूत्रपिंडात पाणी साठून ते फुगणे, एवढाच त्याचा अर्थ. किडनी निकामी झाली असा नव्हे, आणि मुतखडाही नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण रिपोर्ट वाचून सुनेला पानफुटीची पाने चावायला देणारी घरे मी पाहिली आहेत.

आपण पाण्याकाठची माणसे आहोत. फूग म्हणजे काय हे आपल्याला निराळे सांगायला नको. पंचगंगा चढली की जयंती नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही, मागे तटते आणि नाल्याला फूग येते. नाल्याने काही केलेले नसते; पुढची वाट तुंबलेली असते. मूत्रपिंडाचे तसेच आहे. मूत्रपिंडात तयार झालेली लघवी आधी नरसाळ्यासारख्या एका पसरट पिशवीत उतरते, तिथून मूत्रवाहिनीच्या बारीक नळीने मूत्राशयात येते. त्या नळीच्या तोंडाशी वाट अरुंद असली, किंवा खालची लघवी उलटी वर चढत असली, की नरसाळे फुगते. पुष्कळदा यांपैकी काहीच नसते. नळी अजून वाढत असते, तिला पुरते वळण लागलेले नसते, आणि काही महिन्यांत ती आपोआप मोकळी होते.

कोणी विचारील, पोटातले बाळ लघवी करते काय? करते. साधारण दहाव्या आठवड्यापासून त्याचे मूत्रपिंड लघवी तयार करू लागते, आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात बाळाभोवतीचे गर्भजल मुख्यतः या लघवीचेच असते. त्या जलात बाळाची फुप्फुसे वाढीला लागतात. बाळाचे रक्त शुद्ध करण्याचे काम मात्र तोवर वार करते. म्हणून एका बाजूचे मूत्रपिंड फुगले तरी पोटातल्या बाळाचे काही अडत नाही. गर्भजल पुरेसे आहे ना, हे डॉक्टर पुन्हा पुन्हा का पाहतात, तेही यावरून कळेल. गर्भजल पुरेसे असेल तर निदान एक मूत्रपिंड तरी आपले काम करीत आहे असा त्याचा अर्थ होतो.

आता मोजमापाकडे वळू. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. 2019 सालच्या महापुरात ती 55 फुटांच्याही वर गेली होती. पण पाणी 39 फुटांवर आले म्हणून कोणी घर पाडून गाव सोडत नाही. आपण पातळी पाहतो, दर तासाला विचारतो, जनावरे सोडवायची तयारी ठेवतो. त्या नरसाळ्याच्या रुंदीचेही असेच आकडे ठरलेले आहेत. सातव्या महिन्यापर्यंत, म्हणजे अठ्ठावीस आठवड्यांपर्यंत, चार मिलिमीटरच्या आत. त्यानंतर सातच्या आत. आणि जन्मानंतर दहाच्या आत असेल तर ते सामान्य समजतात. आकडा त्यापुढे गेला म्हणजे लक्ष ठेवावे, एवढाच त्याचा अर्थ.

असे किती बाळांना होते? शंभर गरोदरपणांत एक ते पाच वेळा ही फूग दिसते. 2006 साली अमेरिकेतील एका बालरोगविषयक नियतकालिकात अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सौम्य फूग असलेल्या शंभर बाळांपैकी सुमारे बारांना जन्मानंतर काही दोष आढळला. मध्यम फुगीत पंचेचाळिसांना आणि मोठ्या फुगीत अठ्ठ्याऐंशींना. आमच्या सुनेची फूग सौम्य होती. घर रडत होते ते बारांसाठी. उरलेल्या अठ्ठ्याऐंशींचा विचारच कोणाच्या मनात नव्हता.

आता त्या तीन प्रश्नांकडे येतो. ग्रहणाने हे होत नाही. विळीने, सुईने, जड उचलल्याने, आई पाणी कमी प्याली म्हणून किंवा जास्त प्याली म्हणूनही हे होत नाही. बाळाची घडण चालू असताना एखादी वाट थोडी अरुंद राहते. त्यात कोणाचा अपराध नसतो. सासूबाईंना मी हसलो नाही. त्यांनी कारण शोधले, कारण कारण सापडले की दुःखाला कोठेतरी टेकायला जागा मिळते. पण ती जागा सुनेच्या पाठीवर नसावी, इतकेच मी त्यांना सांगितले.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. 2021 च्या सुधारणेनंतर गर्भातील गंभीर दोषासाठी चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. ही तरतूद ज्या दुःखांसाठी आहे ती फार मोठी आहेत. एका बाजूची फूग, दुसरे मूत्रपिंड चांगले आणि गर्भजल पुरेसे, हे त्यांत बसत नाही. एका मूत्रपिंडावर माणूस उभे आयुष्य काढतो. साधारण हजारात एखादा जन्मतःच एक मूत्रपिंड घेऊन येतो आणि पुष्कळदा त्याला ते ठाऊकही नसते. मुलाला किडनी देणारी आई नंतर एकाच किडनीवर संसार करते, हेही आपण पाहतोच.

मात्र सगळेच सोपे आहे असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली, मूत्राशय ताणलेले आणि गर्भजल कमी होत चाललेले असेल, तर ते धोक्याच्या पातळीचे लक्षण आहे. तिथे दिवस मोजावे लागतात, बाळाच्या फुप्फुसांची चिंता असते, आणि क्वचित प्रसंगी बाळ हाती लागत नाही. अशा आईने गावात थांबू नये. बाळांवर शस्त्रक्रिया करणारे सर्जन जिथे आहेत तिथेच तिचे बाळंतपण व्हावे, आणि ते आधीच ठरलेले असावे.

या यंत्राबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. सोनोग्राफी म्हटले की आपल्या जिल्ह्याची मान थोडी खाली जाते. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 839 मुली होत्या. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात या यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवून पहारा ठेवावा लागला. पण या यंत्राचे मूळ पाहा. 1955 साली ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन एका बॉयलरच्या कारखान्यात गेले. धातूच्या आतील भेग ध्वनिलहरींनी शोधण्याचे यंत्र तिथे होते. धातूतले वैगुण्य दिसते तर शरीरातले का दिसू नये, असा त्यांचा विचार. 1958 मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोध ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. आपल्या फाउंड्रीत काम करणाऱ्या मंडळींना हे चटकन पटेल. कास्टिंगमधला दोष कळतो तेव्हा उपाय कोणता तेही ठरवता येते, आणि प्रत्येक दोषासाठी माल भट्टीत टाकत नाहीत. ज्या यंत्राने आपण लेकी नाकारल्या त्याच यंत्राने आता लेकरे सांभाळायची आहेत. रिपोर्ट किडनीविषयी सांगेल. मुलगा की मुलगी हे कोणी विचारू नये आणि कोणी सांगू नये.

आता त्या घराची पुढची हकीकत. धीर देऊन मी त्यांना पाठवले. आठव्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली, तेव्हा फूग अकरा मिलिमीटर होती. बाळंतपण नीट झाले. बाळ गुटगुटीत, दूध पिणारे, लघवी भरपूर. तिसऱ्या दिवसानंतर एक सोनोग्राफी झाली. पहिल्या दोन दिवसांत बाळाच्या अंगात पाणी कमी असते आणि फूग खोटीच लहान दिसते, म्हणून तेवढे थांबतात. मोठी किंवा दोन्हीकडची फूग असेल तर मात्र थांबत नाहीत. दुसरी सोनोग्राफी दीड महिन्यानंतर करायची होती. ती झालीच नाही. बारसे झाले, ऊसतोड आली, बाळ हसू लागले. ज्या ओळीने सारे घर रडले होते ती ओळ सारे घर विसरले. मीही निरोप धाडला नाही, हा माझा दोष.

चौथ्या महिन्यात बाळाला ताप भरला. घरात म्हणाले, दात येत असतील. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती न बोलणारी सून बाळाला घेऊन एकटीच माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “डॉक्टर, ह्याची लघवी तपासा. त्या रिपोर्टात किडनीचं होतं.” लघवीत जंतू निघाले. बाळ रुग्णालयात गेले. पुढच्या तपासण्यांत मूत्रवाहिनीच्या तोंडाशी अरुंदपणा आढळला आणि त्या मूत्रपिंडाचे काम कमी होत असल्याचे दिसले. तेवढा भाग काढून वाट पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. अँडरसन आणि हाइन्स या दोन शल्यवैद्यांनी ती 1949 साली मांडली. आज ती शंभरात पंचाण्णवांच्या आसपास यशस्वी होते. तो मुलगा आता अंगणवाडीत जातो. वर्षातून एकदा त्याची सोनोग्राफी होते, आणि तारीख आईच्या लक्षात असते.

माझ्या अनुभवाचे सार एवढेच, की या दुखण्यात घरे दोनदा चुकतात. जन्माआधी फार भितात, आणि जन्मानंतर लवकर विसरतात. पोटातल्या फुगीला पोटात असताना सहसा उपचार लागत नाही; लागते ते मोजमाप. खरे काम बाळ हातात आल्यावर सुरू होते. पहिल्या आठवड्यातील आणि दीड महिन्यानंतरची सोनोग्राफी चुकवू नये. अशा बाळाला ताप आला तर दातांवर ढकलू नये, त्याच दिवशी लघवी तपासावी. मुलग्याची धार बारीक असेल, थेंब थेंब पडत असेल, तर वाट पाहू नये. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरे. किडनी धुऊन निघावी म्हणून पाणी पाजू नये. शस्त्रक्रिया लागलीच आणि खर्चाने छाती दडपली, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. आणि जन्माआधीचा तो कागद लसीकरणाच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवावा.

नदीची पातळी आपण सगळे मिळून पाहतो; ते काम एकट्या माणसावर टाकीत नाही. इथेही तसेच व्हावे. त्या पहाटे ती एकटी आली. पुढच्या वेळी तिच्याबरोबर घरातले कोणीतरी असावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.