नानीला सोबत हवी होती

(पाथर्डी येथे युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



एचआयव्हीसह जगणाऱ्या यतीम मुलांबद्दल आणि त्यांना सांभाळणाऱ्यांबद्दल बोलायला मला सांगितलंय. मी डॉक्टर नाही, मौलवी नाही, वकीलही नाही. याच गावात माझं दुकान आहे, आणि रमजानमध्ये राशनचं किट वाटणाऱ्या पोरांमध्ये मी बरीच वर्षं आहे. म्हणून उपदेश करत नाही. आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो.

ज्या मुलाबद्दल बोलणार आहे तो आता अठरा वर्षांचा झालाय. त्याला विचारूनच बोलतोय. तो म्हणाला, "सांगा मामू, पण कोण ते कळायला नको." म्हणून घरातल्या काही गोष्टी बदलून सांगणार आहे. कोण असेल याचा अंदाज बांधत बसू नका.

मुलाचे वडील आधी गेले, मग दीड वर्षात आई. मूल नानीकडे आलं. नानी आठवडी बाजारात बांगड्या विकायची. तिला अक्षर येत नाही. सकाळच्या गोळ्यांच्या बाटलीला तिनं लाल दोरा बांधला होता, रात्रीच्या बाटलीला पांढरा. घड्याळ बघायची नाही. फजरची अजान झाली की लाल, इशाची झाली की पांढरा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकही पाळी चुकवायची नाही. तिनं कितीतरी वर्षं चुकवली नाही.

महिन्यातून एकदा नातवाला घेऊन नगरला जायची. पहाटे स्टँडवर यायचं, एसटी धरायची, करंजीचा घाट ओलांडायचा, जिल्हा रुग्णालयात एआरटी केंद्रासमोर रांगेत बसायचं आणि संध्याकाळी परत. त्या दिवसाचा धंदा बुडाला. मुलाला सांगितलेलं की या ताकदीच्या गोळ्या आहेत. मोहल्ल्यात सांगितलेलं की पोराच्या छातीत कफ आहे.

एका रमजानमध्ये कुणीतरी आम्हाला हे घर सांगितलं. आम्ही पाच-सहा जण किट घेऊन गेलो. पीठ, तेल, साखर, खजूर. नानीला आणि मुलाला मध्ये उभं करून फोटो काढला. आमच्यातल्या एकानं तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'एचआयव्हीग्रस्त यतीम मुलाला मदत'. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. शंभरावर माशाअल्लाह आले. मीही अंगठा दिला. तो फोटो दुसऱ्या ग्रुपवर गेला, तिथून तिसऱ्या.

शाळा सुरू झाली तेव्हा त्याच्या बाकावर कुणी बसेना. कुणी त्याला शाळेतून काढलं नाही, फक्त बाजूची जागा रिकामी राहिली. एका पोरानं विचारलं, "तुला एड्स आहे ना?" त्यानं घरी येऊन नानीला विचारलं. अकरा वर्षांच्या मुलाला आपला आजार आमच्या फोटोखालच्या ओळीतून कळला. मुलाला हे सहा ते बारा या वयात हळूहळू, त्याला पेलेल तसं, विश्वासातल्या माणसानं सांगायचं असतं. तो हक्क आम्ही नानीकडून काढून घेतला.

बाजारात बायका तिच्याकडून हातात बांगड्या भरून घेईनात. एसटीत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून तिनं नगरला जाणं बंद केलं. बाटल्या रिकाम्या झाल्या. चार महिने गोळी नाही. मग मुलाला ताप, खोकला, वजन निम्मं. टीबी निघाला. दवाखान्यात भरती केल्यावर आम्हाला कळलं.

मी माफी मागायला गेलो. नानी रागावली नाही. म्हणाली, "बेटा, राशन तो खतम हो जाता. मेरे संग नगर कौन आता?"

मित्रांनो, मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे. आपण यतीमला मदत करायला जातो आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाकडे बघतही नाही. आज एचआयव्ही असलेलं मूल वेळेवर औषध घेत राहिलं तर शिकतं, कामाला लागतं, लग्न करतं, म्हातारं होऊ शकतं. त्याच्या जिवाला खरा धोका असतो तो औषध तुटण्याचा. आणि औषध चालू राहतं ते एखाद्या नानीच्या, दादीच्या, काकीच्या जोरावर. ती थकली की मूल आजारी पडतं.

हे नेहमीच असं नव्हतं. पंढरपुरात मंगलताई शहांनी २००१ मध्ये दोन लहान मुलींना जवळ केलं आणि 'पालवी' उभी राहिली, तेव्हा सरकारी दवाखान्यात या आजारावरचं औषध फुकट मिळत नव्हतं. मोफत औषध १ एप्रिल २००४ पासून सुरू झालं, आणि लहान मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस. त्याआधी अशी मुलं सांभाळणं म्हणजे बऱ्याचदा मूल जाताना बघणं होतं. आपल्या नगरमध्ये १९८९ पासून 'स्नेहालय' आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांची 'इन्फंट इंडिया' आहे. लातूरजवळ हासेगावला रवी बापटले यांचं 'सेवालय' आहे. तिथल्या मुलांना गावच्या शाळेत बसू द्यायचं की नाही यावरून वाद झाला होता. या लोकांनी शिव्या खाल्ल्या, पण मुलं जगवली.

पण ज्याला कुणीच नाही त्याच्यासाठी संस्था असते. ज्याला नानी आहे त्यानं नानीजवळच वाढावं. मग नानीला कोण आहे? माझ्या मते ते आपण असायला हवं.

आता कामाच्या गोष्टी सांगतो. लिहून घ्या.

पहिली, गुप्तता. एचआयव्ही आणि एड्ससाठी २०१७ चा कायदा आहे, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शाळेत, दवाखान्यात, नोकरीत, भाड्याच्या घरात या कारणावरून भेदभाव करता येत नाही. माणसाची ही माहिती त्याच्या संमतीशिवाय फोडायची नाही, हा त्या कायद्याचा गाभा आहे. आपल्या ग्रुपचा नियमही आता तोच आहे. फोटो नाही, नाव नाही, यादी एकाच माणसाकडे.

दुसरी, पालकत्व. याच कायद्यात एक तरतूद आहे जी फार थोड्यांना माहीत आहे. अशा घरातलं बारा ते अठरा वयाचं, समज असलेलं थोरलं भावंड धाकट्याचं पालक म्हणून शाळेच्या दाखल्यावर, बँकेच्या खात्यावर, उपचारासाठी सही करू शकतं. आणि आई-बाप किंवा कायदेशीर पालक हयात असतानाच आपल्यानंतर पालक कोण, हे लिहून ठेवू शकतात. नातेवाईक किंवा विश्वासाचा मित्रसुद्धा चालतो. ही सोय नानीनं आधी केली असती तर तिच्या माघारी पोराचं काय, ही तिची झोप उडवणारी काळजी थोडी हलकी झाली असती.

तिसरी, पैसा. बालसंगोपन योजनेत अशा मुलाला महिना २२५० रुपये मिळतात. आता तिला सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. अर्ज महिला व बालविकास विभागाकडे. संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्ही असलेली माणसं बसतात. नानी पासष्टच्या पुढची असेल तर श्रावणबाळ योजना आहे. कुणाला कोणती लागू होते ते तहसीलमध्ये विचारावं लागतं. नानीला तीन खेपा घालायला लावल्या जातात, कारण एक दाखला कमी असतो. तुमच्या हातात मोबाईल आहे, तुम्हाला अर्ज भरता येतो. तुमचा एक दुपारचा वेळ तिच्या तीन खेपा वाचवतो.

चौथी, मोसम. आपल्या तालुक्यातून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला माणसं बाहेर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. औषध घेणारं कुणी त्यांत असेल तर उचल घेण्याआधी एआरटी केंद्रात सांगायचं. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतात का, किंवा कारखान्याजवळच्या केंद्राला पत्र मिळतं का, ते विचारायचं. १०९७ हा फुकट फोन आहे, माहितीसाठी.

पाचवी गोष्ट आपल्या घरातली आहे, म्हणून जरा जपून बोलतो. या मुलाचे अब्बा त्याच्या दादांच्या आधी वारले. नंतर दादा वारले. काका हयात होते, म्हणून वारसा हक्कात नातवाला काहीच आलं नाही. आपल्याकडे याला महजूब होणं म्हणतात. सूरह निसाच्या सुरुवातीलाच यतीमांच्या मालाचा विषय आहे, आणि आपल्या घरात यतीमच रिकाम्या हातानं उभा राहतो. इजिप्तनं १९४६ मध्ये आणि पाकिस्ताननं १९६१ मध्ये यावर कायदा केला. आपण कायद्याची वाट बघायला नको. दादा हयात असतानाच नातवाच्या नावे एक तृतीयांशापर्यंत वसीयत करू शकतात, कारण वारस नसलेल्याला ती करता येते. किंवा ताबा देऊन हिबा करू शकतात. वकिलाला दाखवून करा. तुमच्या घरात असा नातू असेल तर आज रात्री जेवताना दादाजवळ हा विषय काढा.

आणि कुणाला मूल दत्तक घ्यायचं असेल तर तेही लक्षात असू द्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शबनम हाश्मी यांच्या खटल्यात सांगितलं, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माचा माणूस दत्तक घेऊ शकतो. ज्याला तसं नको असेल तो घरात ठेवून किफालत करू शकतो. बंधन कुणावर नाही.

नानीच्या घरी आता काय आहे ते सांगून थांबतो. टीबीचा कोर्स पूर्ण झाला. गोळ्या परत सुरू झाल्या. आता दिवसाला एकच असते. चार पोरांनी पाळी लावली. जो नगरला जाईल तो फक्त सोबत म्हणून जातो, दवाखान्यात नानीच्या मागे बसतो, कुणी विचारलं तर "आमच्या नानीला बरं नाही" म्हणतो. पहिल्या काही महिन्यांत नानी आमच्याशी धड बोलली नाही, एसटीत खिडकीकडं तोंड करून बसायची. त्याला आमचा इलाज नव्हता. मग एकदा घाटात तिनं पिशवीतून पेरू काढून निम्मा माझ्या हातात ठेवला.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. लाल दोरा आणि पांढरा दोरा तिला वेगळे दिसत नव्हते, आणि हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑपरेशन झालं. मुलगा आता आयटीआयला आहे. गोळी स्वतः घेतो. इशाच्या अजाननंतर नानी तरीही विचारते, "ली क्या?"

आपल्या गावात असं घर एकच नसेल. बैठक संपल्यावर कुणी पैसे देऊ नका. ज्याच्याकडे महिन्यातला एक दिवस आहे त्यानं माझ्याकडे येऊन हळूच सांगा. फोटो काढायचा नाही.