स्ट्राइक: घाव की उतरवलेलं शीड?

'स्ट्राइक' म्हटलं की प्रहारच आठवतो. 2016 च्या 'सर्जिकल स्ट्राइक'नंतर तर हा अर्थ घरोघरी पोचला. म्हणून कामगारांच्या संपाला स्ट्राइक म्हणतात ते मालकावर घाव घालतात म्हणून, हा उलगडा सहज पटतो. मला तो पटत नाही. जुन्या इंग्रजीतलं 'स्ट्रीकन' हे क्रियापद मुळात मारण्याचं नव्हतंच; पुढे सरकणं, हात फिरवणं हा त्याचा अर्थ. गोंजारण्याचा 'स्ट्रोक' त्याच्याच भाऊबंदांतला. मापावर काठी फिरवून धान्याची शीग उतरवत, त्या सपाट मापालाही इंग्लंडात 'स्ट्राइक' म्हणत. प्रहाराचा अर्थ मध्ययुगात आला आणि असा माजला, की बाकीचे अर्थ कोपऱ्यात गेले.

समुद्रावर जुना अर्थ टिकला. शीड किंवा निशाण खाली घेणं म्हणजे 'स्ट्राइक'. 1768 मध्ये सन्डरलंड बंदरातल्या खलाशांनी आपल्या तक्रारी जाहीर वाचून दाखवल्या, मग जहाजांवर चढून शिडांच्या आडव्या काठ्या उतरवल्या, म्हणजे जहाजं बंदराबाहेर पडू नयेत. त्या वर्षीच्या 'ॲन्युअल रजिस्टर'ने ही हकिकत छापताना 'स्ट्रक' या शब्दाला 'खाली उतरवल्या' अशी पुस्ती जोडली आहे. संपाचा अर्थ बहुधा इथूनच निघाला, असं कोशकार मानतात.

यावर कोणी म्हणेल, निशाण उतरवणं ही तर शरणागती. बंडाला तोच शब्द कसा? पण लढाईत निशाण उतरतं ते शत्रूच्या धाकाने. इथे काठ्या उतरल्या त्या खलाशांच्या मर्जीने, आणि अडकून पडला तो मालकाचा माल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1768 पर्यंत प्रहाराचा अर्थ चांगलाच रुळला होता, तेव्हा ऐकणाऱ्याला घावच ऐकू आला असेल. आला असेलही, पुढे शब्द पसरला त्यात त्याचा हात असावा. पण शब्द कसा पसरला यावरून तो कुठे जन्मला हे ठरत नाही. शेजारच्या भाषा पाहा. डचमधलं 'स्ट्रायकन' म्हणजे कपड्यांना इस्त्री करणं, तसंच निशाण उतरवणं. जर्मन 'श्ट्रायखन' म्हणजे हात फिरवणं, पावाला लोणी लावणं, मजकूर खोडणं, आणि शीड उतरवणंही. एवढं घरचं क्रियापद हाताशी असूनही एकोणिसाव्या शतकात जर्मनांनी संपासाठी इंग्रजांकडून 'श्ट्राइक' उसना घेतला.