नकार आला, पुढे काय?



अल्बर्ट एलिस 19 वर्षांचा होता, तेव्हा मुलींशी बोलायला विलक्षण घाबरायचा. कुणी नकार दिला तर आपण कायमचे कुचकामी ठरू, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. शेवटी त्याने स्वतःला एक दंडक घातला. महिनाभर न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जायचं, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटभरात बोलायला लागायचं. त्याच्याच सांगण्यानुसार अशा 130 जणी भेटल्या. 30 उठून गेल्या, 100 जणींशी गप्पा झाल्या. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. पदरात काही पडलं नाही, पण आभाळही कोसळलं नाही. त्याची भीती गेली ती तिथेच.

पुढे याच एलिस यांनी 1955 मध्ये विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती मांडली. मराठीत ती रुजवली कि. मो. फडके यांनी. घटना आणि आपलं दुःख यांच्यामध्ये आपण त्या घटनेचा लावलेला अर्थ उभा असतो, हे तिचं सार.

आपल्याकडच्या पाहण्याच्या कार्यक्रमांचंच घ्या. ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप येतो. घडलेलं असतं एवढंच, की एका घराने नकार कळवला. मुलगी मात्र म्हणते, ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे.’ यावर ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं सांगणं मला पटत नाही. ती दुसरी खोटी गोष्ट झाली. वाईट वाटलं, वाटणारच. पण ‘त्या घराच्या पसंतीवर माझी किंमत ठरत नाही’, हे मात्र खरं आहे आणि ते पेलतं. नकार हुंड्यापायी आला असेल, तर मुलीने स्वतःत काही शोधायचंच नाही. हुंडा मागणं 1961 पासून गुन्हा आहे.

शिवाय ‘माझ्यातच खोट आहे’ ही गोष्ट मुलगी एकटी रचत नाही. ‘हिचं कुठे जमतच नाही’ हे वाक्य तिने घरातच ऐकलेलं असतं, बहुधा स्वयंपाकघरातून, हळू आवाजात. म्हणून आईबाबांना, मावशी-आत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढचा निरोप आला, तर ‘त्यांचा नकार आला’ एवढंच तिला सांगा. त्यात आपल्या पदरचं एक अक्षरही घालू नका.