जुन्या घरात नवा संसार



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. या दोन प्रसंगी माणसाच्या धीराची आणि त्याच्या पैशाची खरी परीक्षा होते, हे तिचे तात्पर्य. परंतु ही म्हण रचणाऱ्याने जुने घर दुरुस्त करून पाहिले नसावे. पाहिले असते, तर तिसऱ्या परीक्षेची त्याने तीत अवश्य भर घातली असती. नवे घर बांधणाऱ्याची गाठ मोकळ्या जागेशी असते. जुने घर नवे करू पाहणाऱ्यापुढे मात्र दुसऱ्या कोणी बांधलेले आणि दोनतीन पिढ्यांनी वापरलेले घर उभे असते. ते असे का बांधले, हे समजून घेतल्याखेरीज त्याला हात घालणे धोक्याचे ठरते.

आज हा विषय घेण्याचे कारण असे की, आपल्या जुन्या शहरांतील अनेक तरुण दांपत्यांपुढे हा प्रश्न उभा आहे. बेळगावचेच उदाहरण घेऊ. समजा, एका नवविवाहित जोडप्याच्या वाट्याला गल्लीतील आजोबांचे घर आले आहे. हाताशी थोडी शिल्लक आहे, थोडे कर्ज मिळू शकते. घर विकून उपनगरात सदनिका घ्यावी, हा एक मार्ग. आहे ते पाडून सिमेंट-काँक्रीटचे बांधावे, हा दुसरा. आणि आहे तेच घर आजच्या गरजांना उतरेल असे करून घ्यावे, हा तिसरा. पहिल्या दोन मार्गांवर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मला तिसऱ्या मार्गाविषयी बोलावयाचे आहे.

या घरांची ठेवण आपल्या परिचयाची आहे. दर्शनी भाग अरुंद, पण मागे लांबवर गेलेले घर. रस्त्याला लागून कट्टा, आत सोपा, त्यामागे माजघर, मग स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परसू. परसात आड आणि अगदी टोकाला शौचकूप. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती भिडलेल्या असल्यामुळे बाजूने खिडकी नाही. भिंती विटांच्या, मातीच्या किंवा जांभ्या दगडाच्या. वर सागवानी तुळया आणि मंगळुरी कौले. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही लाल कौले सबंध पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर पोहोचली.

हे घर जुने झाले म्हणजे नेमके काय झाले? पुष्कळदा त्याच्या भिंती थकलेल्या नसतात. त्यात राहणाऱ्यांच्या गरजा बदललेल्या असतात. वर्षाचे धान्य साठवायला, बाळंतिणीला ठेवायला आणि उन्हाळ्याच्या दुपारी लवंडायला अंधारे, थंड माजघर सोयीचे होते. चूल पेटत असे, तेव्हा स्वयंपाकघर मागे आणि छप्पर उंच असणे शहाणपणाचे होते. आज धान्य महिन्याचे येते, चुलीच्या जागी गॅस आला आहे, मुलांना अभ्यासाला उजेड हवा आहे आणि घरातील सुनेला सकाळी नऊ वाजता कामावर जायचे आहे. तेव्हा जुन्या घराच्या अंगावर नवे कपडे चढवून भागत नाही. त्याच्या अंगातील व्यवस्था बदलावी लागते. नेमका येथेच बहुतेकांचा क्रम चुकतो. फरशी, रंग आणि दिवाणखान्याचे छत यांवर प्रथम पैसा जातो, आणि गळके छप्पर तसेच राहते.

माझी पहिली सूचना अशी की, शक्य असल्यास एक पावसाळा घर नुसते पाहावे. कोठे गळते, कोणत्या भिंतीला किती उंचीपर्यंत ओल चढते, परसातील पाणी कोणत्या बाजूने घराकडे येते, याच्या खुणा पेन्सिलीने भिंतीवर कराव्यात. जुन्या घराचा मुख्य शत्रू पाणी आहे. ते वरून येते, खालून येते आणि नळाच्या सांध्यांतूनही येते. म्हणून कामाचा आरंभ छपरापासून करावा. फुटकी कौले बदलणे, कुजलेल्या रिपा काढणे, पन्हळी बसवणे, ही शाकारणी पूर्वी दर वर्षी होत असे. ती बंद पडली आणि घरे म्हातारी दिसू लागली. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तरी सुमारे दोन हजार तीनशे लिटर पाणी खाली येते. ते पायाशी मुरू द्यायचे की पन्हळीने नेऊन आडात सोडायचे, हे आपण ठरवायचे असते. आडात सोडताना ते गाळून सोडावे आणि पहिल्या पावसाचे पाणी वाहून जाऊ द्यावे.

दुसरी गोष्ट भिंतींची. भिंतीला लोणा लागला, गिलावा फुगून पडू लागला की, गवंडी सांगतो, ‘साहेब, सिमेंटचा पक्का गिलावा मारून टाकू.’ हा सल्ला तो सद्‌हेतूने देतो, परंतु जुन्या भिंतीला तो मानवत नाही. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतले गेले. आपल्या जुन्या घरांच्या भिंती माती आणि चुना यांच्या हिशेबाने रचलेल्या आहेत. अशी भिंत जमिनीतून ओल घेते आणि हवेत सोडून देते. ती श्वासोच्छ्वास करते, असे म्हटले तरी चालेल. तिच्यावर सिमेंटचा घट्ट थर दिला की ही वाट बंद होते. मग आत कोंडलेली ओल वर चढते, तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजवते आणि दोनचार वर्षांत तो पक्का गिलावाही पोपड्यांसारखा सुटतो. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा. चुना सावकाश घट्ट होतो. त्याला दिवस द्यावे लागतात, आणि हल्ली ते काम जाणणारे कारागीर शोधावे लागतात, हे खरे. परंतु जो कारागीर चुना भिजवून मुरवायला किती दिवस लागतील हे आधी सांगतो, त्याच्या हाती घर द्यायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट छपराची. कौले काढून वर काँक्रीटचा स्लॅब टाकावा, म्हणजे उद्या मजला चढवता येईल, असा मोह अनेकांना होतो. येथे थोडा हिशेब करावा. चार इंच जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो भरते. मंगळुरी कौलांचे छप्पर रिपा धरूनही त्याच्या एकचतुर्थांशाच्या आसपास असते. मातीत रचलेल्या भिंतीने हा चौपट भार का वाहावा? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यात हजारो माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड धाबी कोसळून त्यांखाली माणसे सापडली. जड छप्पर आणि न बांधलेली भिंत ही जोडी किती घातक असते, हा त्या दुःखाचा धडा आहे. म्हणून स्लॅब हवाच असेल, तर तो जुन्या भिंतींवर न टाकता स्वतंत्र खांबांवर घ्यावा. आणि कोणतीही भिंत काढण्यापूर्वी ती वरचा भार वाहते आहे की नुसती आडोशाची आहे, हे अभियंत्याकडून पाहून घ्यावे. या तपासणीला लागणारी फी ही घरातील सर्वांत स्वस्त वस्तू होय.

परसाच्या बाजूला एखादी खोली वाढवायची असल्यास जुनी कौलेही कामास येतात. केरळात आयुष्य वेचलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी एक युक्ती लोकप्रिय केली. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट भार वाहण्याच्या कामी फारसे येत नाही; म्हणून तेथे सळयांच्या चौकटींत कौले भरून काँक्रीट वाचवायचे. त्यामुळे खर्च कमी होतो, छत हलके होते आणि खोलीत उकाडाही कमी जाणवतो.

आता उजेड. राष्ट्रीय इमारत संहितेत खिडक्यांचे एक सोपे प्रमाण दिले आहे. खोलीच्या क्षेत्रफळाच्या मानाने उघडता येणारी जागा कोरड्या उष्ण हवेत एकदशांश, मध्यम हवेत एकअष्टमांश आणि दमट उष्ण हवेत एकषष्ठांश असावी. म्हणजे एकशेवीस चौरस फुटांच्या माजघराला मध्यम हवेतही पंधरा चौरस फूट उघडी जागा लागते. आणि आपल्या माजघराला तर एकही खिडकी नाही! शेजाऱ्याच्या भिंतीला भोक पाडता येत नाही, तेव्हा उजेड वरूनच आणला पाहिजे. मातीच्या कौलांत मधूनमधून काचेची कौले बसवणे हा अगदी स्वस्त उपाय. माळा असेल, तर त्याचा काही भाग काढून टाकावा लागेल. कौलांच्या आढ्याजवळ जाळी लावून झरोका ठेवला की, गरम हवा वर जाऊन बाहेर पडते. जागा असेल, तर माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये चारपाच फुटांचा छोटा चौक मोकळा सोडावा. खोलीचा थोडा भाग गेला असे वाटते, पण त्या बदल्यात दोन खोल्या दिवसा दिवा न लावता वापरता येतात.

घर आधुनिक झाले की नाही, याचा निर्णय दिवाणखान्यात होत नाही. तो स्वयंपाकघरात होतो. आपल्या आज्या-पणज्यांनी धुरात, ओणव्याने, ओल्या जमिनीवर आयुष्य काढले. घरातील सर्वांत अंधारी आणि कोंदट जागा त्यांच्या वाट्याला आली होती. नव्या सुनेलाही तीच जागा, वर नुसत्या गुळगुळीत फरश्या लावून द्यायची असेल, तर एवढा खटाटोप कशासाठी करावा? ओट्याची उंची बाजारात मिळणाऱ्या मापावर ठरवू नये. उभे राहून कोपर वाकवावे आणि त्याखाली चार ते सहा इंचांवर ओटा घ्यावा. आणि घरातील पुरुषही तेथे उभा राहणार आहे, हे गृहीत धरून दोघांना वावरता येईल एवढी जागा ठेवावी. सांडपाणी, धुराची वाट आणि खिडकी या तिन्ही गोष्टी आधी. कपाटांची दारे नंतर.

शौचगृहाचेही तसेच. भर पावसात, रात्री, परसाच्या टोकापर्यंत जाणे हे आजोबांना आणि आजीला किती कठीण होते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला वेगळे सांगायला नको. ते घरात आणावे. पण मागच्या बाजूच्या मोकळ्या भिंतीशी आणावे, माजघराच्या पोटात नव्हे. नळ शक्यतो भिंतीच्या बाहेरून न्यावेत. दिसायला ते जरा ओबडधोबड दिसतात, परंतु गळती लागली तर त्याच दिवशी कळते. दाराला उंबरा न ठेवता जमिनीला उतार द्यावा. आज तरुण असलेली माणसेही याच घरात म्हातारी व्हायची आहेत.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नये. लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या जुन्या तारा पंखा आणि दोन दिवे यांच्यासाठी होत्या. शीतपेटी, गिझर आणि धुलाई यंत्र यांचा भार त्यांना सोसवत नाही. सर्व तारा नव्याने घालाव्यात, अर्थिंग तपासून घ्यावे आणि तीस मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवावे. ओल्या भिंतींच्या घरात ते जीव वाचवते. तारांसाठी जुन्या भिंतींत आडव्या खोल खाचा मात्र पाडू नयेत. त्यामुळे भिंत दुबळी होते.

आणखी एक गोष्ट हत्यार उचलण्यापूर्वी करावयाची. जुने घर सहसा एकट्याच्या नावावर नसते. काका, आत्या, चुलतभाऊ यांची संमती ‘आहेच की’ असे धरून चालू नये. ती लेखी घ्यावी. सामाईक भिंतीबद्दल शेजाऱ्याशी बोलावे आणि नगरसंस्थेची परवानगी काढावी. कागद नंतर करू म्हणून सुरू झालेली कामे अर्ध्यावर थांबतात आणि त्यांबरोबर नात्यांतही ओल शिरते. पैशाचाही असाच विचार करावा. ठरवलेल्या रकमेतील दहांतील दोन भाग बाजूला काढून ठेवावेत. कारण गिलावा उतरल्यावर भिंत काय दाखवील, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. सगळे एकदम होणार नसेल, तर छप्पर, भिंती, पाणी आणि वीज या वर्षी; फरशी आणि रंग पुढच्या वर्षी. रंग न दिलेल्या कोरड्या घरात संसार सुखाने होतो, रंगवलेल्या ओल्या घरात होत नाही.

शेवटी, काय ठेवावे? कोरीव चौकट, सागवानी खांब, भिंतीतील कोनाडे यांचे मोल भंगारवाल्याच्या तराजूवर ठरवू नये. तुळईला टोच्याने टोचून पाहावे; आत लाकूड घट्ट लागले, तर ती आणखी एक पिढी काढील. आणि रस्त्यालगतचा कट्टा शक्यतो राखावा. मोटारसायकलीसाठी तो फोडण्याचा विचार प्रथम सुचतो. परंतु संध्याकाळी शेजारी टेकतो तो तेथेच, आणि नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला फरशीपेक्षा शेजाऱ्याची गरज अधिक वेळा लागते.

आजोबांनी हे घर बांधले तेव्हा ते त्या काळचे नवेच घर होते. मंगळूरची कौले आणण्याची हौस आणि हिंमत त्यांनी दाखवली होती. त्यांच्या नातवाने आणि नातसुनेने त्याच घरात उजेड, कोरडेपणा आणि विसावा आणला, तर ते आजोबांच्याच वहिवाटीला धरून होईल.