कार्यालयातील यंत्रांचे पत्ते

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात टपालाची पिनकोड पद्धती सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित. गावांची नावे सारखी, लिपी निरनिराळ्या, त्यामुळे पत्रे भरकटत. सहा अंकांनी तो घोटाळा पुष्कळसा मिटविला. कार्यालयातील संगणक, प्रिंटर व मोबाईल यांनाही परस्परांशी व्यवहार करण्यासाठी असाच अंकांचा पत्ता लागतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. २०११ साली मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकल्पामुळे ऑप्टिकल फायबरची तार ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत येते. दाराच्या आतील व्यवस्था मात्र कार्यालयालाच पाहावी लागते. ती सदोष असेल तर यंत्रे नवी असूनही दाखला निघत नाही आणि ग्रामस्थाची दिवसाची मजुरी बुडते.

हा पत्ता म्हणजे ० ते २५५ यांमधील चार संख्या, मध्ये टिंबे. कार्यालयांतर्गत वापरासाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत, १९२.१६८ ने सुरू होणारे त्यांपैकी सर्वांत परिचित. (यंत्रात हे आकडे इंग्रजी अंकांतच भरावयाचे असतात.)

यंत्राच्या नेटवर्क-विभागात चार रकाने दिसतात. पहिला पत्त्याचा. दुसरा सबनेट मास्कचा, आणि बहुतेक गफलती येथेच होतात. पिनकोडमधील पहिले तीन अंक वाटणीचा जिल्हा दर्शवितात व उरलेले तीन विशिष्ट टपालघर. त्याचप्रमाणे पत्त्याचा कोणता भाग वस्तीचा व कोणता घराचा, हे मास्क ठरवितो. २५५.२५५.२५५.० असा मास्क असेल तर पहिल्या तीन संख्या वस्तीच्या, शेवटची घराची. संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५० आणि प्रिंटरचा १९२.१६८.०.२० असल्यास दोघे एकाच टेबलावर असूनही संगणक प्रिंटरला परगावचा समजतो. तिसरा रकाना गेटवेचा, म्हणजे बाहेर जाण्याच्या वेशीचा. तेथे राउटरचा पत्ता येतो. तो चुकला तर छपाई होते, परंतु संकेतस्थळ उघडत नाही. चौथा डीएनएसचा, तो संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देतो.

हे सर्व राउटर आपोआप भरून देतो. त्या सोयीस डीएचसीपी म्हणतात, आणि मोबाईल किंवा संगणकासाठी ती योग्यच आहे. सर्वांनी मिळून वापरावयाच्या प्रिंटरसाठी मात्र ती घातक ठरते. वीज जाऊन येते, राउटर नव्याने पत्ते वाटू लागतो. काल १२ क्रमांकावर असलेला प्रिंटर आज १५ वर जातो आणि संगणक मात्र कागद १२ कडेच पाठवीत राहतो. मग प्रिंटर बिघडला असा निष्कर्ष निघतो व तंत्रज्ञाच्या भेटीचे देयक तयार होते. वास्तविक प्रिंटरला स्थिर पत्ता देणे हे काही मिनिटांचे काम आहे. तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या पल्ल्याबाहेरचा हवा, एवढेच पथ्य. राउटर १०० ते १९९ पर्यंत वाटत असेल तर प्रिंटरला २० द्यावा. पल्ल्याच्या आतील पत्ता दिल्यास तोच एखाद्या शिक्षकाच्या मोबाईलला मिळून एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे होण्याचा संभव असतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे. अशा वेळी इतर आकड्यांत हात घालण्यापूर्वी तार व राउटर तपासावा.

२०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास दिला आहे. त्या मुदतीशी या चार रकान्यांचा थेट संबंध येतो. कित्येक ठिकाणी ही माहिती बाहेरच्या तंत्रज्ञाच्या वहीत असते, अन्यथा बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या स्मरणात. खुर्च्यांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत काटेकोरपणे होते. प्रिंटरच्या पत्त्याची होत नाही, हे आश्चर्यच. यंत्राच्या नोंदीशेजारी पत्ता, मास्क, गेटवे व डीएनएस लिहावेत आणि कार्यभार सोपविताना ते पान नव्या अधिकाऱ्यास दाखवावे. राउटरचा मूळ पासवर्ड बदलून नवा स्वतंत्र पाकिटात ठेवावा. भिंतीवर चिकटवू नये. नोंद झाल्यावर राउटर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा आणि प्रत्येक संगणकावरून एक कागद छापून पाहावा.